त्यालाही आधी कळू दे की!



इथे सगळे जुन्या आठवणी लिहितात. कुणी दांडिया बाजारातल्या वाड्याबद्दल, कुणी इंदूरच्या राजवाड्याजवळच्या घराबद्दल, कुणी हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या दिवसांबद्दल. मीही आमच्या रावपुऱ्यातल्या घराबद्दल, शाळेबद्दल दोनतीनदा लिहिलंय. आजची आठवण मात्र दोनच वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्यात चूक माझी आहे. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. ऑटिस्टिक आहे. त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही; मोठा झाल्यावर त्याला विचारीन, मग लिहीन. इथे त्याला सोन्या म्हणते.

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. मला तो शब्द फारसा पटत नाही. आमचा सोन्या स्वतःत मग्न वगैरे नसतो. घरातलं कोण कुठल्या खुर्चीवर बसतं, कुकरची शिट्टी कधी होते, देवघरातली कुठली मूर्ती बोटभर सरकली, सगळं त्याला माहीत असतं. अडचण एवढीच, की पुढे काय होणार हे आपल्याला जसं न सांगता कळतं तसं त्याला कळत नाही. आणि ते कळलं नाही की त्याची पायाखालची जमीन सरकते.

निदान झालं तेव्हा तो चार वर्षांचा होता. मी ते मानायलाच तयार नव्हते. “आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात, याचे आजोबासुद्धा उशिराच बोलले,” हे मी पन्नास वेळा म्हटलं असेल. सूनबाईने वाद घातला नाही. ती गुपचूप कामाला लागली. थेरपिस्टने सांगितलं त्याप्रमाणे तिने घरातल्या गोष्टींचे फोटो काढले, छापले, लॅमिनेट केले, मागे वेल्क्रो लावला. एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर ते फोटो वरून खाली चिकटवायचे: उठणं, दात घासणं, दूध, अंघोळ, रिक्षा, शाळा. एक गोष्ट झाली की सोन्याने तो फोटो काढून खालच्या ‘झालं’ लिहिलेल्या पिशवीत टाकायचा. मग पुढची.

मला ती सगळी कटकट वाटायची. दात घासायला कुणी फोटो लावतं का? आणि हो, मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. मुलांचं मला कळतं, असा माझा समज होता.

त्या दिवाळीत पुण्याहून नणंदेचा मुलगा, त्याची बायको, दोन मुलं आली. पोरांनी हट्ट धरला, थीम पार्कला जायचं. आमच्याकडून गाडीने तासाभराच्या रस्त्यावर आहे एक. सूनबाई म्हणाली, “आई, मला दोन दिवस द्या. तिथले फोटो काढून पट्टी बनवते, मग जाऊ.” मी म्हटलं, “अगं, फिरायला जायचंय, परीक्षेला नाही.” पाहुण्यांसमोर म्हटलं. ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

गाडीत आम्ही सोन्याला सांगितलं, “आपण पाण्यात खेळायला जायचंय.” त्याने ते पक्कं धरलं. पाणी. तिथे पोचल्यावर मोठ्या मुलांनी ठरवलं, आधी वरचे पाळणे, कारण नंतर गर्दी होते, पाणी दुपारनंतर. मोठ्यांच्या दृष्टीने यात काय बिघडलं? काहीच नाही. सोन्याच्या दृष्टीने आम्ही त्याला एक सांगून दुसरीकडेच आणलं होतं. रांग हलत नव्हती. लाउडस्पीकर कानावर आदळत होता. तो विचारत होता, “पाणी?” मी म्हणत होते, “आत्ता, पाचच मिनिटं हं.” पुन्हा “पाणी?” पुन्हा “पाचच मिनिटं.”

मग तो खाली बसला. कान दाबून धरले, ओरडायला लागला, स्वतःचा हात चावायला लागला. सूनबाई त्याच्याभोवती ओढणी धरून बसली. रांगेतल्या एकाने मोबाइल काढला. एक बाई म्हणाल्या, “एक ठेवून द्या, गप्प बसेल.” आणि मी काय म्हटलं? मी सुनेला म्हटलं, “तूच लाडावून ठेवलंयस.”

हे लिहिताना मला लाज वाटतेय. पण लिहिलं नाही तर पुढच्या लिहिण्याला अर्थ नाही.

साडेअकराला आम्ही परत फिरलो. गाडीत कुणी बोललं नाही. घरी आल्यावर सूनबाईने एकच वाक्य म्हटलं: “आई, तुम्ही त्याला तीनदा पाच मिनिटं म्हणालात.”

त्या रात्री मला झोप आली नाही. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि भिंतीवरचं कालनिर्णय दिसलं. १९७३ पासून ते निघतंय, आणि माझ्या संसारात असं एकही वर्ष गेलं नाही की ते भिंतीवर नव्हतं. त्यावर माझ्या हाताने लिहिलेलं: दुधाचा हिशोब, गॅसचा नंबर, नणंदेची गाडी कधी, चतुर्थी कधी, डॉक्टरकडे कधी. मला प्रत्येक गोष्ट आधी माहीत हवी असते. पूजेच्या आधी गुरुजी यादी देतात, लग्नाच्या आधी पत्रिकेत मुहूर्त आणि भोजनाची वेळ छापतात. एवढंच कशाला, तीस वर्षं मी स्वतः वर्गाच्या भिंतीवर वेळापत्रक लावत होते. आधी गणित, मग मराठी, मग मधली सुट्टी. ते नसतं तर चाळीस मुलांनी मला दर दहा मिनिटांनी विचारलं असतं, “बाई, सुट्टी कधी?”

म्हणजे घरात सगळ्यांना आधी कळतं. ज्याला कळण्याची सगळ्यात जास्त गरज, त्या एकालाच आम्ही “चल रे, जायचंय” म्हणून उचलून नेतो. आणि मग तो रडला की म्हणतो, हट्टी आहे.

हट्ट वेगळा आणि हे वेगळं, हेही मला तेव्हा उमगलं. हट्ट करणारं मूल एका डोळ्याने बघत असतं, आजी बघतेय का. हवं ते मिळालं की हट्ट थांबतो. सोन्या खाली बसला होता तेव्हा त्याला पाण्यात नेलं असतं तरी तो थांबला नसता. तो कोसळला होता.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला म्हटलं, “मला शिकव ती पट्टी.” तिने शिकवलं. म्हातारपणी मी कात्री आणि लॅमिनेशन घेऊन बसले.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही त्याच पार्कला पुन्हा गेलो. ऊन कमी, शाळेचा दिवस, गर्दी नाही. पुण्याची मंडळीही एका लग्नासाठी आलेली होती, तीही बरोबर होती. पण तयारी आम्ही महिनाभर केली. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर सांगते.

चित्रांऐवजी खरे फोटो घेतले, कारण सोन्याला काढलेलं चित्र आणि खरी वस्तू एकच आहे हे चटकन जुळत नाही. पार्कच्या वेबसाइटवरून फोटो घेतले, काही दिवाळीत पुण्याच्या मुलांनी काढलेले होते. सगळ्या दिवसाची एक लांब पट्टी केली नाही. दोन केल्या. पहिलीत गाडी, गेट, मनगटाला कागदी पट्टा, झुकझुक गाडी, डबा. दुसरीत पाणी, कपडे बदलणं, आइस्क्रीम, गाडी, घर. शेवटचा फोटो घराचाच. संपणार कुठे हे दिसलं की मधलं सगळं त्याला सोसतं. प्रत्येक फोटोखाली मराठीत शब्द. घड्याळाची वेळ कुठेच लिहिली नाही, कारण अकरा म्हटलं आणि अकरा-पाच झाले तर तोही मोडलेला शब्दच. ‘याच्यानंतर हे’, एवढंच.

मनगटाला काही बांधलेलं त्याला आवडत नाही. म्हणून घरी आठवडाभर रोज कागदाचा पट्टा बांधून सराव केला, आधी अर्धा मिनिट, मग जास्त. एका रविवारी कमाटीबागेत चार फोटोंची छोटी पट्टी घेऊन रंगीत तालीम केली: गेट, प्राणी, छोटी आगगाडी, घर. १८७९ पासून ती बाग आहे. आमच्या घरातली तिसरी पिढी तिथे खेळली, पण पुठ्ठा हातात घेऊन फिरणारे बहुधा आम्हीच पहिले.

दोन जास्तीची कार्डं केली. एक ‘थांबायचंय’. त्याच्याबरोबर वाळूचं छोटं घड्याळ. पाच मिनिटं हा शब्द मी त्या दिवसापासून सोडला. त्याऐवजी “आपल्यापुढे अजून दोन खेपा” असं बोटं दाखवून सांगायचं. दुसरं कार्ड पिवळं, त्यावर वळलेला बाण: ‘बदल’. हे सगळ्यात महत्त्वाचं. हे कार्ड त्याला पहिल्यांदा पार्कात दाखवून चाललं नसतं. म्हणून घरी आधी चांगल्या बदलांनी सुरुवात केली. जेवणात दुधीच्या भाजीचा फोटो, त्यावर पिवळं कार्ड, आणि ताटात श्रीखंड. मग हळूहळू साधे बदल, मग थोडे नावडते. बदल म्हणजे दर वेळी संकट नव्हे, हे त्याला आधी घरात कळायला हवं.

त्या दिवशी काय झालं? पहिल्याच टप्प्याला झुकझुक गाडी बंद! दुरुस्ती चालली होती. माझ्या पोटात गोळा आला. मुलाने पिवळं कार्ड लावलं, त्याच्याखाली घोड्यांच्या चक्राचा फोटो लावला आणि आगगाडीचा फोटो ‘झालं’च्या पिशवीत टाकला. सोन्याने तो फोटो पिशवीतून बाहेर काढला. पुन्हा टाकला, पुन्हा काढला. आम्हाला वाटलं, आता सुरू होणार. पण सूनबाईच्या लक्षात आलं. ती मुलाला म्हणाली, “अहो, झालंच नाहीये ना ते. ‘झालं’मध्ये कसं जाईल?” तिने तो फोटो पट्टीच्या पाठीमागे चिकटवला आणि म्हणाली, “पुढच्या वेळी.” सोन्याने पट्टी उलटून एकदा पाहिलं आणि घोड्यांकडे चालू लागला.

सांगा, चूक कोणाची होती? इतका खरेपणा आम्हा मोठ्यांच्या डोक्यातच आला नव्हता.

पाण्यात तो तासभर होता. इतका हसताना मी त्याला फार कमी वेळा पाहिलंय. कपडे बदलल्यावर त्याने आइस्क्रीमचा फोटो काढून आईच्या हातात दिला आणि गाडीच्या फोटोवर बोट ठेवलं. म्हणजे, आइस्क्रीम नको, पुरे झालं. पुण्याची मुलं कुरकुरली. नणंदेचा मुलगा म्हणाला, “त्याच्या यादीत तर आहे ना आइस्क्रीम?” माझा मुलगा म्हणाला, “आहे. पण त्याला नकोय.” आम्ही सोन्याला घेऊन निघालो, बाकीचे थांबले.

निघताना गेटपाशी मला मोह झालाच. त्या मोठ्या पुतळ्यापुढे तीन पिढ्यांचा एक फोटो हवा होता. मी म्हटलं, “सोन्या, एकच फोटो.” त्याने पट्टी माझ्यापुढे धरली. पट्टीवर गाडी होती, घर होतं. फोटो नव्हता. माझ्या तोंडावर ‘एकच मिनिट’ आलं होतं. गिळलं. मोबाइल पर्समध्ये टाकला.

आता माझं मत सांगते, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं.

फोटोंची पट्टी म्हणजे लाड नव्हे, आणि मुलाला गप्प बसवण्याची युक्तीही नव्हे. तो मोठ्यांनी मुलाला दिलेला शब्द आहे. म्हणून तिचं खरं ओझं मुलावर नसतं, आपल्यावर असतं. लावलेलं पाळायचं. बदललं तर तसं दाखवायचं. आणि त्याला नको असेल तर त्याचं ‘नको’ मोजायचं. पट्टीवर आहे म्हणून आइस्क्रीम खायलाच लावलं, तर ती पट्टी नाही, लगाम आहे.

“असली सवय लावली तर मोठेपणी काय करेल?” हे मला पुष्कळ जण विचारतात. मी विचारते, तुमच्या मोबाइलमधलं कॅलेंडर काढून घेऊ? चष्म्याची सवय लागेल म्हणून कुणी मुलाला चष्मा नाकारत नाही. सोन्याला आता रोजच्या शाळेसाठी फोटो लागत नाहीत, लिहिलेले चार शब्द पुरतात. नव्या जागी लागतात. उद्या लागणार नाहीत किंवा लागतीलही. लागले तर लागले.

“हे परदेशी खूळ आहे,” असंही एक ऐकते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७० च्या दशकात टीच नावाचा कार्यक्रम उभा केला. ही मुलं ऐकण्यापेक्षा बघून लवकर समजतात, हे ओळखून त्यांच्याभोवतीची जागा आणि दिवसच डोळ्यांना दिसेल असा मांडायचा, हा त्यातला मुख्य विचार. पद्धत तिकडून आली हे खरं. पण भिंतीवर कालनिर्णय लावणाऱ्या आपल्या घरात ती परकी वाटायचं काही कारण नाही.

आणि एक गोष्ट आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांसाठी. सोन्या घरात मराठी ऐकतो, सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. आम्हाला एका ओळखीच्यांनी सल्ला दिला होता, “घरातलं मराठी बंद करा, त्याचा गोंधळ होतो.” मीही घाबरले होते. पण दोन भाषांमुळे अशा मुलांचं नुकसान होतं असं संशोधनातून दिसलेलं नाही. आम्ही मराठी सोडलं नाही. फोटो चारही भाषांत सारखाच असतो, आणि त्याच्याखाली ‘पाणी’ लिहिलेलं असतं. त्याने स्वतःहून वाचलेला पहिला मराठी शब्द तोच. मराठी बंद केलं असतं तर तो माझ्याशी कुठल्या भाषेत बोलला असता?

आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो की सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. देशाचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारांत ऑटिझमही धरतो. कायदे आहेत. पण आपल्या मंगल कार्यालयात, गणेश मंडळात, हळदीकुंकवाला हे मूल येतं का? बहुतेक वेळा त्याची आई त्याला घेऊन घरी बसते. आमची सूनबाई पाच वर्षं अशी बसली, आणि मी लोकांना सांगत होते, “तिला गर्दी आवडत नाही.”

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी कार्य असेल आणि असं मूल येणार असेल, तर चार दिवस आधी हॉलचे फोटो पाठवा: दार, बसायची जागा, जेवणाची जागा. आधी काय, मग काय, हे चार ओळींत लिहा. ढोल-ताशा कधी वाजणार ते सांगा. शांत बसायला एक खोली मोकळी ठेवा. पैसा लागत नाही याला. आणि कुठे एखादं मूल खाली बसून ओरडताना दिसलं, तर मोबाइल खिशात ठेवा, सल्लाही खिशात ठेवा. त्याच्या आईला फक्त विचारा, “पाणी आणू का?”

सगळ्या मुलांना हेच चालेल असं मी म्हणत नाही. कुणाला फोटो लागतात, कुणाला लिहिलेली यादी, कुणाला हातात खरी वस्तू. आपल्या मुलाला काय कळतं ते बघून करावं, थेरपिस्टला विचारून करावं. पार्कला जाण्याआधी फोन करून विचारावं, अपंगत्वाचं ओळखपत्र जवळ ठेवावं. पण आधी सांगायचं, हे सगळ्यांना लागू. अहो, हे तर आपल्यालाही लागू.

तो राहिलेला फोटो गुढीपाडव्याला काढला. सूनबाईने पट्टीवर नवं कार्ड लावलं होतं, ‘आजीबरोबर फोटो’, आणि शेजारी ‘नको’चं कार्ड. सोन्याने बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. मग माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, पट्टीकडे बघतोय, पुढे काय आहे ते. पुढे श्रीखंड होतं.

तुमच्याकडे असं कुणी असेल, तर तुम्ही काय करता ते जरूर लिहा. मी अजून शिकतेय.